बोटीवरून उडी मारली की काहीतरी सुटतंच? आधी टाकीचा पट्टा भिजवा

स्कूबा डायव्हिंगमधला प्रॉब्लेम असा आहे. बोटीवर सगळं नीट बांधलेलं असतं, बडीने, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराने, बघितलेलं असतं, आपणही दोनदा ओढून खात्री केलेली असते, आणि पाण्यात पडल्या पडल्या काहीतरी सुटतं. कधी हवेची टाकी पाठीवरून खाली सरकते, कधी मास्क जातो, कधी वेट बेल्ट, म्हणजे कमरेचा शिशाच्या वजनांचा पट्टा, मांडीवर येऊन बसतो. एकदा झालं तर माणूस सोडून देतो, पण आमच्या चार-पाच जणांच्या ग्रुपमध्ये दर ट्रिपला कुणाचं ना कुणाचं होतंच होतं, म्हणून शेवटी एकेक गोष्ट धरून शोधलं की नेमकं कुठं चुकतंय. मी इन्स्ट्रक्टर नाही, ओपन वॉटर हा सुरुवातीचा कोर्स केलेला साधा माणूस आहे, त्यामुळे तुमच्या इन्स्ट्रक्टरने वेगळं सांगितलं असेल तर त्याचं ऐका.

आणि हो, सोलापूरला समुद्र नाही हे मला माहितीये, घरचे रोज आठवण करून देतात. पण सोलापूरवरून जाणारा ५२ नंबरचा नॅशनल हायवे विजापूर, हुबळी, यल्लापूर करत थेट अंकोल्याला खाली उतरतो, तिथून ६६ नंबर पकडून दक्षिणेला कुमठा, होन्नावर आणि मग मुर्डेश्वर, आणि मुर्डेश्वरच्या समोर समुद्रात नेत्राणी बेट. रात्री विजापूर नाक्यावरून निघायचं, डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी, मधे कुठंतरी चहा. मालवणलाही जातो आम्ही, पण पाणी स्वच्छ मिळालं तर नेत्राणीला जी मजा आहे ती आहे.

तर नेत्राणीलाच माझं झालं. बोट जरा उंच होती म्हणून जायंट स्ट्राइड, म्हणजे काठावर उभं राहून एक मोठं पाऊल पुढं टाकायचं आणि सरळ पाण्यात. टाकलं. पडल्यावर पहिलं काय जाणवलं तर रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायचं ते यंत्र, दातातून कुणीतरी खालच्या बाजूला ओढतंय. मी दात आवळून धरला, आणि मागं मानेशी जो टाकीच्या व्हॉल्व्हचा टणकपणा कायम जाणवतो तो नाहीच! टाकी पट्ट्यातून घसरून वीतभर खाली गेली होती आणि होजवर, म्हणजे हवेच्या नळीवर, ताण आला होता. बीसीडीत, म्हणजे टाकी ज्याला बांधतो त्या फुगवायच्या जॅकेटात, हवा होती म्हणून मी वर तरंगत होतो, एवढंच बरं. बडी मागं आला, दोन्ही गुडघ्यांत टाकी धरली, पट्टा उघडून वर सरकवली, पुन्हा लावला. दोन-तीन मिनिटांचं काम, पण तेवढ्यात लाटांनी माझं पोट असं ढवळलं की चटणी का खाल्ली असं झालं.

का होतं ते बघा. बोटीवर भरलेली ॲल्युमिनियमची टाकी, आपली नेहमीची ११ लिटरची, व्हॉल्व्ह धरून १७ किलोच्या पुढे असते. आपण पाण्यावर आपटतो तेव्हा बीसीडीत हवा असल्यामुळे जॅकेट जागच्या जागी थांबतं आणि टाकीला मात्र अजून खाली जायचं असतं. म्हणजे सगळा झटका त्या एका पट्ट्यावर. आणि तो पट्टा मी सुका बांधला होता. बहुतेक बीसीडीचा पट्टा नायलॉनचा असतो, नायलॉन थोडं पाणी पितं आणि ओलं झाल्यावर किंचित लांबतं, किंचित म्हणजे डोळ्याला दिसणार नाही एवढं, पण गुळगुळीत गोल टाकीवरची पकड सुटायला तेवढं पुरतं.

घरी येऊन काकांना सांगितलं तर ते पहिलं काय म्हणाले माहितीये? "भिजवून बांधलं नव्हतंस का बे?" आमच्याकडे पोहायला सगळे विहिरीत शिकले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. काका डबा बांधायच्या आधी दोर बादलीत बुडवायचे, कारण सुती दोर उलटा, ओला झाला की फुगून आखूड होतो, सुका बांधला तर पाण्यात पोराच्या छातीला करकचून बसतो. टॉवेल पहिल्या धुण्यात आटतो ते हेच. सूत आवळतं, नायलॉन सैल होतं, पण दोन्हीचा इलाज एकच की जे पाण्यात जाणार आहे ते ओलं करूनच बांधायचं. यंत्रमागवाल्याच्या घरात वाढून हे मला समुद्रात आपटल्यावर कळलं.

आता टाकीसाठी आम्ही काय करतो ते सांगतो, कारण बाकी सगळ्यापेक्षा हेच जास्त वेळा चुकतं.

बोटीवर चढल्यावर पहिल्यांदा बीसीडीचा पट्टा बादलीत मिनिटभर भिजत ठेवायचा, बादली नसेल तर बाटलीतलं पाणी ओता, पट्टा आतून-बाहेरून ओला झाला पाहिजे, नुसता शिंतोडा नको. मग बीसीडी टाकीवर वरून सरकवायची, व्हॉल्व्हचं तोंड तुमच्या पाठीकडे, जॅकेटची वरची कड साधारण टाकीच्या मानेच्या पातळीत. फार वर लावली तर पाण्यात मान मागं घेतली की डोकं व्हॉल्व्हवर आपटतं. वर एक छोटी लूप असते ती टाकीच्या मानेत अडकवायची, बरेच जण ती नुसती लोंबत सोडतात. उंची ठरवायला ती आहेच, आणि पट्टा सुटलाच तर टाकी पूर्ण निसटत नाही.

आता बकल. त्या प्लास्टिकच्या बकलला तीन-चार खाचा असतात आणि पट्टा कुठून घालून कुठून काढायचा याचा एक ठरलेला क्रम असतो. चुकीचा ओवला तरी बोटीवर घट्टच वाटतो, तिथंच फसतो माणूस, झटका बसल्यावर सुर्रकन निघतो. माझ्या बीसीडीचा बरोबर ओवलेला फोटो मोबाइलमध्ये आहे, दर वेळी काढून बघतो, यात लाज काही नाही. पट्टा ओढून लिव्हर बंद करताना तळहाताचा जोर लागला पाहिजे. दोन बोटांनी टक्कन बंद झाली तर सैल आहे, उघडा, अजून ओढा, परत लावा.

मग टेस्ट. बीसीडीच्या वरच्या हँडलला धरून पूर्ण टाकीसकट उचलायची आणि दोन-तीनदा वर-खाली हिसकायची. टाकी बोटभरही हलली तर परत पहिल्यापासून. आणि ही टेस्ट बंदरावर करून उपयोग नाही, कारण नेत्राणीपर्यंत बोट तासभर तरी दणके खात जाते, सगळे पट्टे बसतात, त्यामुळे जागेवर पोचल्यावर पुन्हा एकदा. दुसऱ्या डाइव्हला टाकी बदलली की पुन्हा एकदा. त्यातून टाकी ॲल्युमिनियमची जाऊन स्टीलची आली तर जाडी वेगळी, मग आधीचं माप चालतच नाही.

एवढं करूनही घसरतेय? मग पट्ट्याच्या आतल्या बाजूला एक खरखरीत रबरी पॅड असतं ते बघा, सुटलेलं किंवा झिजलेलं असतं. टाकीवर प्लास्टिकची जाळी चढवलेली असेल तर पट्टा जाळीवर बसतोय का बघा, जाळीच सरकते मग. आणि बकलच्या खाचेत मीठ साठलं असेल तर लिव्हर पूर्ण बसतच नाही. आमच्या एकाचं हेच होतं, तो पट्टा भिजवून भिजवून दमला आणि बकलमध्ये मिठाचे खडे निघाले.

आता वेट बेल्ट, कारण यात धोका जास्त आहे. टाकी घसरली तर त्रास, पण बेल्ट खोलवर सुटला तर तुम्ही बुचासारखे वर जाल आणि ते फुप्फुसाला झेपत नाही. बोटीवर बेल्ट घट्ट वाटतो कारण वेटसूट जाड असतो. खाली गेल्यावर दाबाने सूट चेपतो, कंबर बारीक होते, बेल्ट सैल. म्हणून उडी मारल्यावर वरच एकदा आणि खाली गेल्यावर एकदा असा दोनदा आवळायचा. आवळताना उभं राहून नाही, पाण्यात पालथं आडवं व्हायचं, म्हणजे शिसं पाठीवर टेकतं आणि दोन्ही हात मोकळे मिळतात. उभ्या उभ्या केलं की तो कमरेवरून खालीच जाणार, विशेषतः ज्यांना माझ्यासारखं पोट आहे आणि कंबर नाही.

शिसं बेल्टवर सरकत असेल तर प्रत्येक वजन ओवताना खाचेच्या मधे बेल्टला एक पीळ द्या, किंवा सरळ क्लिप घ्या. बेल्टचं टोक वीतभर बाहेर राहू द्या, त्याहून लांब नको, गुंतागुंत होते. बकल उजव्या हाताने झटक्यात उघडेल असंच लावा आणि बीसीडीचे पट्टे त्याच्या खाली अडकलेले नाहीत ना ते बघा, नाहीतर गरज पडल्यावर सोडायला जाल आणि बेल्ट बीसीडीतच अडकून बसेल. एका पठ्ठ्याने सुटू नये म्हणून बेल्टला वर एक गाठ मारलेली मी बघितलीये. असलं काही करू नका. तो सुटला पाहिजे, फक्त तुम्ही सोडल्यावर. आणि उचलताना बकलकडून धरू नका, मोकळ्या टोकाने धरा. नाहीतर दुसऱ्या टोकाने सगळं शिसं घरंगळत पायाच्या अंगठ्यावर.

बीसीडीतच वजनाचे खिसे असतील तर "टक" आवाज आला म्हणजे बसलं असं धरून चालू नका, हात घालून ओढून बघा. वेलक्रोवाले खिसे असतील तर वेलक्रोत वाळू आहे का ते बघा.

मास्कचं दुखणं बहुतेक वेळा हाताचं असतं, मास्कचं नाही. उडी मारताना उजवा तळहात रेग्युलेटरवर आणि त्याच हाताची बोटं मास्कच्या काचेवर, डावा हात होज आणि बेल्टच्या बकलवर, आणि नजर समोर क्षितिजावर. आपण करतो काय, तर कुठं पडतोय ते बघायला खाली मान घालतो, मग पाणी सरळ काचेखाली शिरतं आणि मास्क कपाळावरून उडतो. हात पाण्यात पडून डोकं वर येईपर्यंत काढायचा नाही. विहिरीत उडी मारताना आपण हात वर करून आरडाओरडा करत जातो ना, ती सवय फार घट्ट असते, मलाच मोडायला तीन ट्रिपा लागल्या. सोलापुरात तलावावर नुसता मास्क आणि पायात फिन घालून काठावरून पाऊल टाकायची प्रॅक्टिस केली, आजूबाजूची पोरं हसायची, हसू देत.

मास्कची पट्टी डोक्याच्या मागं मधोमध, कानाच्या वरून. मानेवर उतरली की निसटते. फार आवळायची पण नाही, आवळल्यावर सिलिकॉनची कड चुरगळते आणि पाणी उलट जास्त येतं. मिशीवाल्यांना थोडं गळणारच, त्याला इलाज मिशीवर जरा व्हॅसलीन, किंवा न्हावी. वर आल्यावर मास्क कपाळावर चढवून गप्पा मारत बसू नका, एक लाट आली की गेला. गळ्यात खाली ओढून ठेवा. आणि मास्कवर गोप्रो लावून उडी मारणाऱ्यांनी तर बोलूच नये, तो कॅमेरा पाण्याला धरायला हँडलसारखा मिळतो, मास्क कॅमेऱ्यासकट जाणार. कॅमेरा बोटवाल्याकडे द्या, पाण्यात पडल्यावर हातात घ्या, घेतला की आधी क्लिप अडकवा मग बटण दाबा.

आता लोंबणाऱ्या गोष्टी. छोटी बोट असेल तर बॅक रोल करतात, म्हणजे काठावर पाठ करून बसायचं आणि मागच्या मागं लोळायचं. मालवणला एकदा मी बसलो, मोजलं, लोळलो आणि अर्ध्यातच अडकलो. माझा हवेचा दाब दाखवणारा गेज बोटीला बाहेरून बांधलेल्या टायरच्या दोरीत गुंतला होता! डोकं पाण्यात, पाय आकाशात, आणि वर बोटीवरचा माणूस शांतपणे होज सोडवतोय. तेव्हापासून बसल्यावर पहिलं काम म्हणजे प्रत्येक होजवरून खांद्यापासून टोकापर्यंत हात फिरवायचा, डोळ्यांनी बघून कळत नाही, हातानेच कळतं. गेज क्लिपने छातीशी, पिवळा ऑक्टोपस, म्हणजे जास्तीचा रेग्युलेटर, हनुवटी ते बरगडी या पट्ट्यात होल्डरला, स्नॉर्केल डाव्या बाजूला. ऑक्टोपसचं तोंड खाली ठेवा, वर राहिलं तर पाण्यावर आपटल्यावर भसाभस हवा सुटायला लागते. सुटलीच तर घाबरायचं नाही, तोंड खाली फिरवलं की थांबते बहुतेक वेळा.

बॅक रोलला टाकी काठाच्या पूर्ण बाहेर पाहिजे, हनुवटी छातीला, गुडघे पोटाकडे, मागं कुणी नाही ना ते बोटवाल्याला विचारायचं. आणि सगळ्यांनी मोजून एकदम. एकाने उशीर केला तर तेवढ्यात बोट सरकते आणि तो आधी पडलेल्याच्या डोक्यावर येतो. बीसीडी अर्धी फुगवलेली. गच्च फुगवून उडी मारली की जॅकेट आपटून काखेत चढतं आणि सगळेच पट्टे ताणतात, आणि पूर्ण रिकामी ठेवली तर वर यायचा भरवसा नाही.

फिन अगदी शेवटी, काठाशी आल्यावरच, कुणाचा तरी खांदा धरून. फिन घालून हलत्या डेकवर चालायचं असेल तर मागं मागं चाला. रबरी पट्टीपेक्षा स्प्रिंगवाली बरी, थोडी महाग पडते पण सुटत नाही. खोली आणि वेळ दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर मनगटावर सैल होतो तो सूट चेपल्यामुळे, त्याला इलॅस्टिकची दोरी लावून टाका, विषय संपला.

बडी चेक करताना आम्ही एक गोष्ट वाढवलीये. हवा सुरू आहे का बघताना नुसतं "हो आहे" नाही, रेग्युलेटरमधून चार-पाच श्वास घ्यायचे आणि घेताना गेजचा काटा बघायचा. काटा श्वासागणिक खाली-वर हलला तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. कधी कधी शेवटच्या क्षणी मदत म्हणून कुणीतरी मागून व्हॉल्व्ह फिरवतं आणि उलटा फिरवतं. मी सरळ सांगतो, माझ्या व्हॉल्व्हला हात लावलात तर मी परत बसून चेक करणार, मग बोट थांबली तरी चालेल.

आता सोलापूरवाल्यांसाठी वेगळं, कारण आमचं अर्धं दुखणं माळ्यावर झालेलं होतं. सामान वर्षातून दोन-तीनदाच निघतं, बाकी वेळ पत्र्याखालच्या माळ्यावर, आणि मे महिन्यात इथं पारा चाळीसच्या वर. रबर त्यात भाजून निघतं. फिनची पट्टी, मास्कची बकलं, मास्कच्या पट्टीची दुमड, रेग्युलेटरचं माउथपीस चावायची जागा, ही ठिकाणं वाकवून बघा, बारीक रेघा दिसल्या की ते समुद्रावर तुटणार म्हणून समजा. माझी फिनची पट्टी घरी बरी दिसत होती, बोटीवर ताणली आणि हातात आली. आता सामान पलंगाखाली असतं, मास्क त्याच्या डब्यात, फिन सपाट.

आणि परतायच्या आधी तिथंच गोड्या पाण्यात धुऊन घ्या, घरी जाऊन निवांत धुऊ म्हणू नका. आपल्या नळाला चार-चार दिवसांनी पाणी, त्यात टबभर पाणी बीसीडी बुडवायला मागितलं तर घरात काय होईल ते सांगायला नको. मीठ एकदा बकलमध्ये सुकलं की दगड होतं. धुताना लिव्हर उघड-बंद करत धुवा. तसंही डाइव्ह झाल्या झाल्या त्याच दिवशी यल्लापूरचा घाट चढून सोलापूरला यायचं नसतं, अंगातला नायट्रोजन निघायला वेळ द्यावा लागतो आणि आपलं गावच समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर वर आहे. एक रात्र मुर्डेश्वरला काढायचीच आहे, तर संध्याकाळी धुणं काढा.

माझ्या पिशवीत आता जास्तीचं काय असतं तर एक मास्क, मास्कची एक पट्टी, फिनची एक पट्टी, माउथपीस आणि त्याला लावायचे दोन-चार झिप टाय, दोन पितळी क्लिपा, मीटरभर इलॅस्टिक दोरी, जुना टूथब्रश बकल घासायला. आणि घडीची छोटी बादली. बोटीवर पहिल्यांदा ती काढतो तेव्हा सगळे विचारतात की कपडे धुणारेस का, आणि मग हळूच एकेक जण आपापला पट्टा घेऊन येतो.